डाकोटा सांता मोनिकाचं, ॲव्हरो कानपूरचं

माझा धाकटा भाऊ दिवसा वाळूजच्या एका कारखान्यात जिग-फिक्स्चरची ड्रॉइंग काढतो आणि रात्री डाकोटा उडवतो. संगणकावर, अर्थात. आमचे मामा औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावर विमानांच्या देखभालीचं काम करून निवृत्त झाले. त्यांचं घर धावपट्टीपासून इतकं जवळ आहे की मुंबईचं विमान उतरायला लागलं की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. दोघांना वेड एकच आहे, त्यामुळे दोघांचं पटत नाही.

विषय थोडा समजावून सांगते. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर 2020 च्या ऑगस्टमध्ये नव्या रूपात आला आणि 2024 च्या नोव्हेंबरात त्याची पुढची आवृत्ती निघाली. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उभी केलेली अख्खी पृथ्वी त्यात मिळते आणि सोबत काही विमानं. याहून बारकाव्यानं घडवलेलं विमान हवं असेल तर ते दुसऱ्या कंपन्यांकडून वेगळं विकत घ्यायचं. त्याला ॲड-ऑन म्हणतात. बहुतेक पोरं एअरबस नाहीतर बोइंग घेतात. थोडी चिवट मंडळी मात्र जेट येण्याआधीची, पंख्याची प्रवासी विमानं घेतात आणि एक इंजिन नीट सुरू करण्यात अर्धी संध्याकाळ घालवतात. आमचा भाऊ त्यातला.

पुढचं बोलणं एका बैठकीतलं नाही. गणपतीत सुरू झालेलं भांडण दिवाळीच्या फराळापर्यंत चालू होतं. मी ते एका जागी आणलंय, आणि मध्ये मध्ये तोंडही घातलंय.

मामा : हे केवढ्याला पडलं म्हणालास?

भाऊ : डीसी-सिक्स? साठ डॉलरच्या आतबाहेर.

मामा : म्हणजे पाच हजार झाले. आणि मी तरी हे विमान चिकलठाण्यावर कधी पाहिलं नाही.

भाऊ : पाहिलं नाही म्हणूनच तर घ्यायचं, मामा. पीएमडीजी नावाची कंपनी आहे, एरवी बोइंग करण्यासाठी प्रसिद्ध. या नव्या सिम्युलेटरसाठी त्यांनी सगळ्यात आधी, 2021 साली, डीसी-सिक्स काढलं. चार इंजिनं, प्रत्येकाला अठरा सिलिंडर. म्हणजे बहात्तर सिलिंडर आणि एकशे चव्वेचाळीस स्पार्क प्लग. त्यांना हवा किती द्यायची, पेट्रोल किती, काउल फ्लॅप किती उघडे ठेवायचे, सगळं आपण बघायचं. एअरबसमध्ये काय, एक आकडा फिरवला की विमान आपलं आपण जातं.

मामा : बहात्तर सिलिंडर तू एकटा बघतोस? डीसी-सिक्सवर फ्लाइट इंजिनिअर असायचा. दोन पायलटांच्या मध्ये बसायचा.

भाऊ : त्याचं काम करणारा एक आपोआप चालणारा भाग दिलाय त्यांनी. तो चेकलिस्ट वाचतो, बटणं दाबतो, पॉवर लावतो. नको असेल तर बंद करता येतो.

मामा : म्हणजे त्या काळातसुद्धा माणसं कमी केलीत तुम्ही.

इथे भाऊ हसला, पण मामांनी ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं. या भांडणाची सगळी बीजं मला त्या एका वाक्यात दिसतात. भावाचं म्हणणं, जुन्या विमानाची अवघड बाजू आता फक्त इथेच शिल्लक आहे. संग्रहालयात विमान दोरीमागे उभं असतं, रंग चकचकीत, टायरखाली लाकडी ठोकळे. त्याच्यापासून कोणाला त्रास होत नाही. ॲड-ऑनमधलं विमान त्रास देतं. मामांचं म्हणणं, तो त्रास एका खुर्चीपुरता आहे, आणि विमान काही एका खुर्चीवर चालत नव्हतं.

भाऊ : त्रास कसा जपलाय ते ऐका ना. ए-टू-ए नावाची दुसरी कंपनी आहे. त्यांनी जुन्या सिम्युलेटरसाठी बोइंगचं स्ट्रॅटोक्रूझर केलं, नंतर लॉकहीडचं कॉन्स्टेलेशन. आज तुम्ही इंजिन तापवलंत, सिलिंडरचं तापमान लाल रेषेच्या वर नेलंत, तर उद्या संगणक सुरू केल्यावर तेच इंजिन दुखणाईत मिळतं. विमान तुमच्या चुका लक्षात ठेवतं.

मामा : आणि मग?

भाऊ : मग हँगरचं पान उघडायचं आणि दुरुस्त करायचं.

मामा : कोण करतं दुरुस्त?

भाऊ : म्हणजे... बटण दाबायचं.

मामा : हां. ते बटण म्हणजे मी.

यावर माझ्या भावाकडे उत्तर नव्हतं. पण तो गप्प बसणाऱ्यातला नाही. त्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि डाकोटा सुरू करून दाखवायला बसला. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डाकोटा जुना पाहुणा आहे. विमानउड्डाणाची शंभरी म्हणून 2003 साली जी आवृत्ती निघाली तिच्यात राइट बंधूंच्या विमानाबरोबर डीसी-थ्री, म्हणजे डाकोटाही होतं. माझ्या भावानं ते शाळेत असताना, आमच्या हॉलमधल्या खोक्यासारख्या मॉनिटरवर पहिल्यांदा उडवलं. सिम्युलेटरला चाळीस वर्षं झाली तेव्हा, 2022 मध्ये, कंपनीनं ते नव्यानं करून पुन्हा दिलं, आणि हौशी लोकांनी त्याची अंतर्गत यंत्रणा सुधारून सुधारणेचा तो भाग फुकट वाटला.

भाऊ : बघा. बॅटरी चालू. टाकीचा कॉक मुख्य टाकीवर. आता हा हातपंप, पेट्रोलचा दाब आणायला. आधी उजवं इंजिन. प्राइमर दिला. हा स्विच धरला की स्टार्टरचं चाक गरगर फिरायला लागतं, वेग घेतलेला ऐकू येतो... ऐका. आता दुसरा स्विच, चाक इंजिनला जोडलं. पंखा फिरला. पाती मोजायची. मग मॅग्नेटो. आला धूर! आता मिक्श्चर पुढे.

मामा : थांब. पंखा हातानं फिरवलास का आधी?

भाऊ : हातानं?

मामा : अरे, गोल इंजिन आहे ते. सिलिंडर चक्राकार बसवलेले. रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरात उतरतं. तेल काही दाबलं जात नाही. तू वरून स्टार्टर मारलास की पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी लगेच कळतं, कधी दहा तासांनी, वर हवेत असताना. म्हणून सकाळी आधी दोन माणसं पंख्याला लागायची. एकेक पातं खाली ओढायचं, पुढे सरकायचं, मागून दुसरा यायचा. अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, उलटंही फिरवायचं नाही. खालच्या सिलिंडरचे प्लग काढायचे आणि तेल खाली घ्यायचं.

भाऊ : हे तुम्ही केलंय?

मामा : मी लागलो तेव्हा डाकोटा जवळजवळ संपलं होतं. आम्हाला उस्तादांनी सांगितलेलं. ते हैदराबादचे, बेगमपेटला डेक्कन एअरवेजमध्ये शिकलेले. 1953 च्या ऑगस्टमध्ये आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, त्यात डेक्कनही गेली. आपलं औरंगाबादही तेव्हा हैदराबाद राज्यातच होतं. उस्ताद म्हणायचे, सुरुवातीला सगळी लढाईनंतर विकायला काढलेली डाकोटा.

ते खरं आहे. नव्या महामंडळाकडे पहिल्या दिवशी जी 99 विमानं आली त्यांतली 74 डाकोटा होती. डग्लस कंपनीनं कॅलिफोर्नियात, सांता मोनिकाला ते विमान पहिल्यांदा उडवलं 1935 च्या डिसेंबरात. युद्धात त्याच्या लष्करी आवृत्त्या हजारोंनी निघाल्या आणि युद्ध संपल्यावर भंगाराच्या भावात जगभर गेल्या. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये अशी विमानं दुरुस्त करून प्रवाशांसाठी तयार होत. ऑक्टोबर 1947 मध्ये श्रीनगरला पहिले जवान उतरले तेही डाकोटातूनच.

भावानं तेवढ्यात काहीतरी शोधून काढलं होतं. हातानं पंखा फिरवण्याची सोय काही ॲड-ऑनमध्ये आहे. बाहेरून विमानाकडे बघायचं आणि पात्यावर क्लिक करायचं. त्यानं ती मोठ्या अभिमानानं दाखवली. मामांनी चष्मा पुसून पडद्यावर पाहिलं.

मामा : याला घाम येतो का?

मला इथे भावाची बाजू घ्यावीशी वाटली, म्हणून घेतली.

मी : मामा, तुमच्या उस्तादांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही आज आम्हाला सांगितलं. तुम्ही सांगितलं नसतं तर? इंग्लंड-अमेरिकेत कोणीतरी बसून ते तेलाचं गणित संगणकात घातलं म्हणून निदान हा मुलगा प्रश्न तरी विचारू शकला. नाहीतर त्याच्या पिढीला डाकोटा म्हणजे जुन्या सिनेमातलं विमान.

मामा : मी कुठं नाही म्हणतोय? वाचलेलं आलंय सगळं. पायलटच्या पुस्तकात जे लिहिलं होतं ते पोरांनी एकही अक्षर न गाळता आणलंय. मला आश्चर्यच वाटतं. पण पुस्तक पायलटचं होतं. आमचं पुस्तक कोणी लिहिलं नाही.

यानंतर काही दिवस वाद थंड होता. मग एका रविवारी भाऊ मामांना मुंबई-औरंगाबाद फेरी दाखवायला घेऊन बसला. अंतर सरळ रेषेत 280 किलोमीटरच्या आसपास. डाकोटाच्या चालीनं सव्वा तास. त्यानं तारीख लावली 1965 ची. सांताक्रूझहून उठला, कल्याणच्या पुढे सह्याद्री समोर आला. ती रेषा खरोखरच सुंदर आहे. मुंबई आणि चिकलठाणा यांच्यामध्ये पट्टी ठेवली तर ती हरिश्चंद्रगडावरून जाते, मग संगमनेरच्या जरा दक्षिणेकडून, श्रीरामपूरवरून, गंगापूरजवळून. कोकणकड्याच्या वर डाकोटा थोडं हललं, पडद्यावरचं. माझ्याही पोटात हललं. गड मागे पडला की डोंगर अचानक संपतात आणि खाली उसाच्या हिरव्या चौकटी लागतात.

मामा : हे काय, उजव्या हाताला?

भाऊ : नाथसागर. भारी दिसतोय ना?

मामा : साल कुठलं लावलंयस?

भाऊ : पासष्ट.

मामा : पासष्ट साली जायकवाडीचा नुसता पाया घातला, लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते. धरण पुरं झालं शहात्तरला. तुझ्या डाकोटाच्या खाली तिथं गावं पाहिजेत. शेतं पाहिजेत.

भाऊ : जमीन आजच्या फोटोंची आहे, मामा. तारीख बदलली की सूर्य आणि चंद्र बदलतात, एवढंच.

मामा : आणि ते पुढे पत्र्याचं चकाकतंय ते वाळूज. तुझी कंपनी दिसेल बघ. पासष्ट साली ड्यूटीवर होतास तू.

हा मुद्दा मला मामांच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा जड वाटला. सिम्युलेटरमधलं जुनं विमान एखाद्या मिलिमीटरनं चुकत नाही; दरवाजाच्या कडीवरचा रंग उडालेलाही दाखवतं. पण ते ज्या मुलखावरून उडतं तो मुलूख आजचा. साठ वर्षांपूर्वीचं यंत्र आणि कालपरवाची भुई. परदेशातल्या काही हौशी लोकांनी आपापल्या शहरांचे जुने विमानतळ, जुन्या धावपट्ट्या, तेव्हाची वेळापत्रकंही पुन्हा तयार केली आहेत. आपल्याकडे ते काम कोणी हातात घेतलेलं मी पाहिलेलं नाही. सिम्युलेटरमधलं चिकलठाणं पाहावं तर धावपट्टी जागेवर आहे आणि टर्मिनल कुठल्याही गावाला चाललं असतं असं.

भाऊ : बरं, जमीन जाऊ द्या. रात्री उडतो. रात्री खाली काय आहे कळतच नाही. मी नागपूरची रात्रीची टपाल फेरी करतो.

त्याला हे कुठून मिळालं ठाऊक नाही, पण नागपूरची रात्रटपाल ही महाराष्ट्रातल्या विमानांची सगळ्यात रम्य गोष्ट आहे. जानेवारी 1949 मध्ये ती सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर चारी एकत्र यायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि प्रत्येक विमान आपापल्या शहराकडे परत. सकाळी पत्र दुसऱ्या टोकाला. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून जादा तिकीट न लावताही साधी पत्रं विमानानं जाऊ लागली.

भाऊ : मुंबई ते नागपूर सरळ रेषा काढलीत तर ती बरोबर आपल्या चिकलठाण्याच्या डोक्यावरून जाते. मी मोजलंय. म्हणजे तुम्ही लहान असताना रोज रात्री तुमच्या घरावरून डाकोटा जात असणार. आवाज आठवतो का?

मामा : आम्ही झोपलेलो असायचो.

भाऊ : एकदाही नाही?

मामा : तुला आठवण पाहिजे म्हणून मी जागा राहू का? विमानं सरळ रेषेत जायचीच असंही नाही. ते जाऊ दे. नागपूरला उतरून करतोस काय?

भाऊ : इंजिन थंड करतो, बंद करतो. पुन्हा सुरू करतो. परत.

मामा : थैल्या?

भाऊ : वजन कमीजास्त करायची पट्टी आहे.

मामा : चार विमानांच्या थैल्या रात्री बारा वाजता कंदिलात वाचून वेगळ्या करायच्या. मद्रासची कलकत्त्याला गेली तर? त्या फेरीचं सगळं काम जमिनीवर होतं रे. विमान म्हणजे टपाल न्यायची गाडी.

कंदील होते की विजेचे दिवे होते, यावर दोघं नंतर बराच वेळ बोलत बसले. ते मी गाळते.

मामा स्वतःहून खुलले ते ॲव्हरोवर. डाकोटा त्यांच्या उस्तादांचं होतं, ॲव्हरो त्यांचं. नाव सगळे ॲव्हरोच म्हणत. कागदावर हॉकर सिडली 748. डाकोटाच्या जागी वापरता येईल असं विमान म्हणूनच इंग्लंडमध्ये ते आखलं होतं. भारतानं त्याचा परवाना घेतला आणि कानपूरला जोडलेलं पहिलं विमान 1 नोव्हेंबर 1961 ला उडालं. एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं ‘सुब्रतो’. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं पुढे अशी एकूण 89 केली. काही हवाई दलाला गेली, काही इंडियन एअरलाइन्सला.

मामा : इंजिन रोल्स रॉइसचं, डार्ट. हेच इंजिन व्हायकाउंटला, हेच फॉकरला, हेच ॲव्हरोला. एक शिकलास की तिन्हीकडे चाललास. याला सिलिंडर नाहीत, टर्बाइन आहे, पण पुढे पंखा. आवाज असा बारीक, कानात सुई घातल्यासारखा. फॉकरचा पंख वरती, इंजिन त्याला लटकलेलं. ॲव्हरोचा पंख खाली आणि इंजिन पंखाच्या वर बसवलेलं, पात्यांना जमीन लागू नये म्हणून. झाकण उघडायला स्टँड लावून वर चढायचं. मेच्या दुपारी पंखावर पाय ठेवलास की बुटाच्या तळव्यातून चटका.

भाऊ : पंखा मोकळा फिरतो म्हणे त्याचा?

मामा : वाऱ्यानं फिरतो. उभ्या विमानाचा पंखा फिरला की बेअरिंग कोरडे घासतात, तेलाचा दाब नसतो ना. म्हणून विमान उभं केलं की पहिल्यांदा पंख्याला पट्टा बांधायचा. आणि निघायच्या आधी तो सोडायचा. सोडला की नाही हे दोघांनी बघायचं. तुझ्या खेळात पट्टा असतो का?

भाऊ : असतो एखाद्यात. लाल फीत लोंबते.

मामा : (जरा नाइलाजानं) बरं केलं त्यांनी.

मग मामांनी उन्हाळ्याचं सांगितलं, आणि या सगळ्या वादातलं मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं ते हेच. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून 1,911 फुटांवर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी पारा 42 ला टेकला की हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाला प्राणवायू कमी. हिशेब केला तर विमानाच्या दृष्टीनं ती धावपट्टी साधारण साडेपाच हजार फुटांवर जाऊन बसते. कळसुबाईचं शिखर 5,400 फूट. म्हणजे मे महिन्यात चिकलठाण्याहून विमान उडवणं म्हणजे कळसुबाईच्या माथ्यावरून उडवणं, आणि तेव्हा धावपट्टीही आजच्यापेक्षा बरीच आखूड, सहा हजार फुटांची.

मामा : म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण. उडताना इंजिनात त्याची फवारणी करायची; उन्हानं कमी झालेली ताकद परत मिळते. ती टाकी भरायचं काम आमचं. आणि पायलटकडे छोटा स्विच, फ्युएल ट्रिमचा. बाहेर तापमान किती, हवेचा दाब किती, तक्त्यात बघायचं, त्याप्रमाणे ट्रिम लावायचं. जास्त लावलं तर टर्बाइन जळेल, कमी लावलं तर ताकद नाही. अजिंठा-वेरूळ बघून निघालेले पाहुणे मागे बसलेले, रुमालानं वारा घेत. त्यांना काय माहीत पुढे कसला हिशेब चाललाय.

भाऊ : हे! नेमकं हेच पाहिजे, मामा. हे पायलटच्या खुर्चीतलंच आहे. हे सिममध्ये येतं. तापमान 42 लावलं की विमान खरंच जड उठतं. एअरबसवाल्यांना हे कधी कळणार नाही, त्यांचा संगणक परस्पर करून टाकतो.

मामा : येतं ना. कबूल. पण बीड रोड येतो का?

यावर क्षणभर कोणी बोललं नाही. बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. 26 एप्रिल 1993 ला दुपारी इंडियन एअरलाइन्सचं दिल्लीहून जयपूर, उदयपूर, औरंगाबाद करत मुंबईला निघालेलं विमान चिकलठाण्याहून उठताना धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला घासलं, पुढे विजेच्या तारांना लागून कोसळलं. 118 पैकी 55 माणसं गेली. ते पंख्याचं विमान नव्हतं, बोइंग 737 होतं. चौकशीत विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचलल्याचा ठपका वैमानिकांवर आला, आणि विमानाच्या वेळेला रस्त्यावरची वाहतूक थांबवली नाही हा ठपका विमानतळ चालवणाऱ्या यंत्रणेवर.

भाऊ : रस्ता आहे. गाड्याही धावतात त्याच्यावर. पण विमान त्यांना धडकत नाही.

मामा : बघ.

मी इथे मामांच्या बाजूनं आहे, आणि अर्धी नाहीही. सिम्युलेटरनं तो ट्रक दाखवावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. कुणाच्या घरातलं माणूस गेलेली जागा संध्याकाळच्या करमणुकीसाठी पुन्हा मांडू नये. पण मामांना ते म्हणायचंच नव्हतं. रस्त्याचं फाटक, ट्रॅफिकचा हवालदार, गवत कापणारा माणूस, कुत्री हाकलणारा माणूस, हे सगळे मिळून एक विमान सुखरूप उठतं. खेळात उडण्याची सगळी अक्कल कॉकपिटमध्ये कोंबलेली असते. ॲड-ऑन जितकं खोल, तितका हा भ्रम पक्का. साधं खेळण्यातलं विमान उडवणाऱ्याला आपल्याला विमान कळतं असं वाटत नाही. माझ्या भावाला वाटतं.

भाऊ : मग मला सांगा, ॲव्हरो का नाही कोणी करत? डाकोटा मिळतं, कॉन्स्टेलेशन मिळतं, 2023 ला सुपर कॉन्स्टेलेशनही आलं. ॲव्हरोचं जुन्या 2004 च्या सिम्युलेटरसाठी एक फुकट होतं, ब्रिटिश हौशी लोकांनी केलेलं. त्यावर इंडियन एअरलाइन्सचा रंग चढवून मी पुष्कळ उडवलंय. पण पंखाखाली सगळं इंग्लंडचं.

मामा : जे करतात ते आपलं करतात. अमेरिकेतला माणूस डग्लसचं करणार. कानपूरचं कानपूरच्यानं करायला पाहिजे.

मी : किंवा औरंगाबादच्यानं. हवाई दलाची ॲव्हरो अजूनही दिसतात कधी कधी. त्यांच्या जागी एकूण 56 एअरबस सी-295 घ्यायचं ठरलंय, त्यांतली 40 वडोदऱ्यात टाटांकडे बनणार आहेत. ती सगळी आली की हीही जातील.

भाऊ : मी करू शकतो, मामा. थ्रीडी मॉडेल मला येतं, दिवसभर तेच करतो. पंखाचा आकार, कॉकपिट, चाकं, सगळं होईल. मला अडतं ते तुमच्याकडचं. ट्रिमचा तक्ता. डार्ट सुरू होताना टर्बाइनचं तापमान किती वर जायचं आणि किती सेकंदांत खाली यायचं. उतरल्यावर पंखा चपटा होतो तेव्हा आवाज कसा बदलतो.

मामा : तापमानाचं सांगतो. आवाजाचं काय सांगू, तोंडानं काढू?

भाऊ : काढा.

काढला. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

मामा : पण एक अट. आधी लोडशीट.

भाऊ : ती कशाला? वजन भरायची पट्टी सिममध्येच असते.

मामा : पट्टी नाही. कागद. किती माणसं, कुठल्या रांगेत, मागच्या खणात किती सामान, पुढच्या खणात किती, इंधन किती, आणि सगळ्याचा तोल कुठं येतो. पर्यटकांच्या बॅगा सगळ्या मागच्या खणात टाकल्या की शेपटी बसते. तो कागद भरून, बेरीज करून, खाली सही केल्याशिवाय इंजिन सुरूच झालं नाही पाहिजे.

भाऊ : असं केलं तर कोणी विकत घेणार नाही.

मामा : मग फुकट दे.

भाऊ : आणि सही कोणाची? खेळणाऱ्याचीच ना?

मामा : नाही. पायलटनं स्वतः भरलेला कागद स्वतःच मान्य करायचा म्हणजे झालंच मग. दुसरा माणूस पाहिजे.

भाऊ : दुसरा माणूस म्हणजे संगणकातला?

मामा : खरा. ऑनलाइन जोडा की. एक जण वर बसेल, एक जण खाली उभा राहील, चॉक काढेल, पट्टा सोडेल, अंगठा दाखवेल.

भाऊ : मामा, खाली उभं राहायला कोण येणार? सगळ्यांना उडवायचं असतं.

मामा : मी येतो. दुपारी नको फक्त, दुपारी मी झोपतो.